आवतण झालं, बलावणं राहिलं

माझा स्वभाव तापट आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण पुढं जे सांगणार आहे त्यात मी दोनदा भर गल्लीत ओरडले आहे, आणि दोन्ही वेळा शहाणपण माझ्याकडं नव्हतं.

यवतमाळला एमबीए करत होते. प्रकल्प व्यवस्थापन हा माझा विषय. पहिलं वर्ष संपलं की दोन महिने कुठंतरी जाऊन प्रत्यक्ष काम करायचं, त्याचा अहवाल लिहायचा आणि तिथल्या जबाबदार माणसाची सही आणायची, असा नियम. वर्गातली अर्धी पोरं पुण्याला पळाली, उरलेली नागपूरला. माझंही पुण्याचं ठरत आलं होतं, पण ऐनवेळी तिकडून नाही म्हणून कळवलं. मग आमच्या मॅडमनी एक पत्ता हातात ठेवला. दिग्रसकडच्या एका गावात शेतकरी बायांची कंपनी आहे, तिथं जा म्हणाल्या. मी तोंड वाकडं केलं. "मॅडम, बायांची कंपनी म्हणजे पापडच ना?" मॅडम म्हणाल्या, "आधी जाऊन तर पहा." मे महिन्यात, एसटीच्या तापलेल्या सीटवर बसून, मॅडमना, पुण्याला आणि स्वतःच्या नशिबाला मनातल्या मनात शिव्या घालत मी त्या गावाच्या फाट्यावर उतरले.

फाट्यावर एक बाई उभी होती. पन्नाशीची, काटक, डोक्यावर पदर, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मला वाटलं, कुणीतरी मला न्यायला पाठवली असेल. "अध्यक्ष मॅडम कुठं भेटतील?" मी विचारलं. "चाल नं, तिच्याच घरी ठेवतो तुले," म्हणत तिनं माझी बॅग उचलून खांद्यावर टाकली. घरी पोचून पाणी प्यायल्यावर कळलं की अध्यक्ष म्हणजे तीच. मी खोली भाड्यानं कुठं मिळेल विचारलं तर हसली. "खोली कायले पाह्यतं? घर हाये नं." मी त्यांना काकू म्हणू लागले आणि दोन महिने त्यांच्याच वसरीत, म्हणजे ओसरीत, झोपले.

काकू सातवी शिकलेल्या. घरचं वावर होतं, त्यात कपाशी, आणि कपाशीच्या काही तासांनंतर, म्हणजे ओळींनंतर, तुरीचं एक तास. गावातल्या दीडशेच्या वर बाया त्यांच्या कंपनीच्या सभासद. कंपनी बियाणं एकत्र आणायची, तूर एकत्र विकायची. पण काकूंच्या डोक्यात चार वर्षांपासून एकच गोष्ट होती: डाळ मिल. स्वतःची.

"हे पाय," पहिल्याच रात्री जेवताना त्या मला म्हणाल्या, "तूर आमी पेरतो, आमी निंदतो, आमी सोंगतो. अन् डाळ आनतो दुकानातून, पुडीत. आपल्याच वावरातली डाळ दुसऱ्याच्या पुडीत! लाज नाई वाटत काय?"

त्यासाठी चार वर्षं त्यांनी यवतमाळच्या ऑफिसात चकरा मारल्या होत्या. सकाळच्या गाडीनं जायचं, साहेब नाहीत असं ऐकायचं, संध्याकाळच्या गाडीनं परत यायचं. शेवटी एका योजनेतून मशीन मंजूर होण्याच्या बेतात होती. एकच अट राहिली होती. सभासदांची सभा घ्यायची, तिला निदान शंभर बाया जातीनं हजर पाहिजेत, आणि त्यांनी ठरावावर साहेबांसमोर सह्या करायच्या. शंभर झाल्या तर मशीन गावाला, नाही झाल्या तर यादीतल्या पुढच्या कंपनीला. ती सभा भरवणं हाच माझा प्रकल्प ठरला.

मी मनात म्हटलं, एवढंच? हे तर डाव्या हाताचं काम.

तीन दिवसांत मी ऑफिसच्या, म्हणजे ग्रामपंचायतीच्या मागच्या एका खोलीच्या, भिंतीवर भलामोठा तक्ता लावला. कोणतं काम कोणत्या दिवशी, कशाच्या आधी काय, सगळं रंगीत पट्ट्यांनी. काकू चष्मा नाकावर नीट बसवून किती वेळ पाहत राहिल्या.

"मस्त दिसून राह्यलं. हे पिवळं काय हाये?"

"उशीर झालाच तर तेवढा वेळ राखून ठेवला आहे, काकू."

"बापा! म्हंजे उशिराचीबी तयारी करून ठेवली!" त्यांना फार कौतुक वाटलं. येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला हात धरून आत आणायच्या आणि ती पिवळी पट्टी दाखवायच्या.

काय अडचणी येऊ शकतात याचीही मी यादी केली. ऊन: मंडप, थंड पाणी, मठ्ठा. लग्नं: गावातल्या सगळ्या लग्नांच्या तारखा पाहून मोकळा दिवस काढला. लाइट जाईल: कर्णा बॅटरीवरचा घेतला. वाचता न येणाऱ्या बाया: म्हणून मी स्वतः घरोघर जाऊन आमंत्रणाची चिठ्ठी हातात दिली आणि मोठ्यानं वाचूनही दाखवली. शिवाय मोबाइलवर निरोप. प्रत्येक घरी "हो व बाई, येतो नं" असं उत्तर मिळालं. मी एकेका नावासमोर बरोबरची खूण केली. दीडशे खुणा. इतकी चोख तयारी पुण्यातल्या पोरांनी तरी केली असेल का, असा विचार करत मी आदल्या दिवशी गाढ झोपले.

सभेच्या दिवशी अकरा वाजता मंडपात तेवीस बाया होत्या. त्यातल्या दहा कंपनीच्या संचालक.

साडेअकरा वाजले. बारा वाजले. साहेब घड्याळ पाहत होते. मी कर्ण्यावरून ओरडून घसा बसवून घेतला. काकू खुर्चीत ताठ बसल्या होत्या, पण मांडीवरच्या फाइलवर त्यांची बोटं सारखी फिरत होती. मला ते बघवेना. मी उठले आणि गल्लीत शिरले.

गल्लीत काय पाहिलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. घरोघरच्या वसरीत बाया बसल्या होत्या. नुसत्या नाही, धुतलेली पातळं नेसून, वेणी घालून, ताजं कुंकू लावून. एका म्हातारीनं तर पायात चपलाही घातल्या होत्या. मला वाटलं, सगळ्या कुठल्यातरी लग्नाला निघाल्यात आणि मला फसवलं. माझं डोकंच फिरलं.

"काय हो, लाज वाटत नाही का?" मी भर गल्लीत ओरडले. "तिकडं साहेब येऊन बसलेत, आणि तुम्ही इथं नटून बसल्या! काहून नाही आल्या?"

चपला घातलेली म्हातारी माझ्याकडं अशी पाहू लागली, जशी मीच वेडी. "कशा येऊ व माय? बलावनंच नाई आलं."

"बलावणं? अहो आजी, चिठ्ठी मी माझ्या हातानं दिली ना तुम्हाला! वाचून दाखवली!"

"ते तं आवतन झालं," म्हातारी म्हणाली. "बलावनं कुठी हाये? आमी सकायपासून वाट पाहून राह्यलो. दोन डाव रस्त्यावर जाऊन पाह्यलं, कोनी येते काय म्हून."

मी तिथंच, उन्हात, मटकन पायरीवर बसले.

कारण मला हे माहीत होतं! मी काही मुंबईहून आले नव्हते. मी उमरखेडची, माझ्या बापाचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि आमच्या घरात हे मी जन्मापासून पाहिलं आहे. आधी आवतण येतं, म्हणजे अमक्या दिवशी जेवायला या. ते नुसतं सांगणं. त्या दिवशी पंगत मांडली की घरचं माणूस पुन्हा दारात येतं, "चाला, चाला, पानं वाढली" म्हणतं, तेव्हा उठायचं. ते बलावणं. त्याच्याआधी उठून गेलेला माणूस अधाशी. एकदा शेजारच्या लग्नात बलावणं द्यायचं राहून गेलं, तर माझे वडील पांढरा सदरा घालून दुपारी अडीचपर्यंत खुर्चीत बसून होते. भाजीचा वास घरात येत होता, पोटात कावळे ओरडत होते, पण माणूस हलला नाही. तेव्हा मी त्यांना हसले होते. आणि आता दीडशे घरांत तेच घडलं, आणि माझ्या अडचणींच्या यादीत ऊन होतं, लाइट होती, मठ्ठा होता, पण हे नव्हतं. जेवणाला बलावणं लागतं हे मला ठाऊक होतं. सभेलाही लागेल हे डोक्यातच आलं नाही. सभा म्हणजे ऑफिसचं काम, तिथं माणसं चिठ्ठी वाचून येतात, हे मी कुठून शिकले कोण जाणे.

मला एक प्रश्न छळत होता, तो मी संध्याकाळी काकूंना विचारलाच. "काकू, तुम्ही अध्यक्ष. तुम्हाला तरी सुचायला नको?"

काकूंनी चष्मा काढून पदरानं पुसला. मग म्हणाल्या, "मले वाटलं, तू शिकेल पोरगी. तुह्या त्या तक्त्यात असंन कुठीतरी."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या एखादा शब्द वावगा बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं. चार वर्षांच्या चकरा माझ्या पिवळ्या पट्टीवर भरवसा ठेवून त्यांनी पणाला लावल्या होत्या.

साहेब भला माणूस निघाला. रागावला, पण जाताना म्हणाला, "आठ दिवसांनी सोमवारी सकाळी नऊला येतो. तेव्हा शंभर नसल्या तर माझा इलाज नाही." कुणीतरी सुचवलं, जेवण ठेवा, आपोआप येतील. काकूंनी तिथंच मोडून काढलं. "जेवन ठेवलं तं लोक म्हनतीन, बाया जेवाले आल्या. सहीले आल्या पायजेन."

मग खरा प्रकल्प सुरू झाला. आणि इथं मला काकू काय चीज आहेत ते कळलं.

बलावणं त्याच दिवशी, त्याच वेळेच्या आधी द्यावं लागतं. आदल्या दिवशी दिलं तर ते पुन्हा आवतणच. म्हणजे सकाळी सहा ते साडेआठ, अडीच तासांत दीडशे घरं. संचालक बाया दहा, अकरावी मी. मी कागद घेतला, गावाचा नकाशा काढला, एका घराला वाटेसकट दहा मिनिटं धरून हिशेब मांडला. जवळजवळची घरं एकीकडं, गल्लीतलं मध्येच एखादं घर सभासद नसेल तर ते सोडून पुढं. काकूंनी नकाशावर बोट ठेवलं.

"हे घर काहून सोडलं?"

"त्या सभासद नाहीत, काकू."

"नसू दे. रांगेतलं घर टाकाचं नाई. शेजारीनले बलावलं अन् इले नाई, तं शेजारीनबी येत नाई. तिच्या दारात उभं राह्याचं अन् म्हनाचं, बाई, पाह्याले तरी चाल."

मग त्या वसरीत मांडी घालून बसल्या आणि एकेक घर सांगू लागल्या. कोणत्या घरी कोणी जायचं. "अठी मी नको, मी गेली तं सासू पुढं येते, सून मांगं राह्यते. इच्या माहेरची जाऊ दे. अठी तू नको जाऊ, तुले पाहुनी समजून चहा ठेवन, अर्धा घंटा गेला. ह्या घरी सहाले कोनी नसते, म्हैस पाजाले जाते. तिले नदीवरच गाठा. अठी दोघी सवती, दोघींले येगयेगळं बलाव, एका बलावन्यात दोघी येत नाई." एकशे बावन्न घरं. कुठंही अडखळल्या नाहीत, एकदाही वही पाहिली नाही. कोणती बाई कोणाला नाही म्हणू शकत नाही, एवढं त्यांना प्रत्येक घराचं माहीत होतं. माझ्या पुस्तकात यावर दोन प्रकरणं होती, आकृत्यांसकट. मी ती पाठ करून परीक्षा दिली होती. काकूंनी एका दुपारीत ती गावावर मांडून दाखवली आणि मध्येच उठून कुरड्यांचा चीकही घोटला.

मी लिहीत गेले आणि मिनिटं बदलत गेले. म्हशीवाल्या घराला वीस, सवतींना पंधरा, काहींना चारच. बेरीज केली तर बरोबर सव्वादोन तास. पंधरा मिनिटं शिल्लक. मी ती पिवळी रंगवली. काकू हसल्या.

फक्त एका घरापुढं नाव राहिलं. वरच्या गल्लीचं पहिलं घर. ते काकूंच्या धाकट्या जावेचं.

दोन्ही घरांत मध्ये एकच भिंत, पण नऊ वर्षं अबोला. वावराच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण झालं होतं, कोणाच्या नांगरानं कोणाचा धुरा खाल्ला यावरून, आणि तेव्हापासून एकीनं दुसरीच्या अंगणात पाय ठेवला नव्हता. एकमेकींना ऐकवायचं असलं की दोघी आपापल्या बाजूनं भिंतीशी बोलायच्या. वरच्या गल्लीतल्या वीसेक बाया धाकटीच्या शब्दातल्या. ती नाही उठली तर गल्ली उठत नाही, आणि बाकीच्यांतून काही तर गळणारच, तेव्हा ती गल्ली नाही आली तर शंभर होत नाहीत.

"मी जाते तिथं," मी म्हटलं. "नाहीतर दुसऱ्या कुणाला पाठवू."

"दुसरं कोनी गेलं तं ती म्हनन, मोठी जाऊ मेली काय?" काकू एवढंच बोलल्या आणि उठून आत गेल्या. मी त्या घरापुढची जागा रिकामी ठेवली.

सोमवारी पहाटे काकूंनी न्हाऊन हिरवं पातळ नेसलं. बरोबर सहाला बाया निघाल्या. काकू आणि मी एकत्र होतो. घरामागून घर झालं. "चाला बाई, सभेले चाला, बलावाले आली." तेवढंच वाक्य, पण प्रत्येक दारात ते वेगळ्या आवाजात. कुठं हुकूम, कुठं थट्टा, एका विधवेच्या दारात तर इतकं हळू की मला ऐकूही आलं नाही. बाया खरंच उठत होत्या! चपला घातलेली म्हातारी तर आम्हाला पाहून, आम्ही तोंड उघडायच्या आत चालू लागली.

सात वाजता आम्ही वरच्या गल्लीच्या तोंडाशी पोचलो. काकू थांबल्या. पदर नीट केला. आणि धाकटीच्या अंगणात शिरल्या.

धाकटी दारातच तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही.

काकू माझ्याकडं तोंड करून म्हणाल्या, "पोरी, सांग त्या घरच्यायले, सभेचं बलावनं आलं म्हून."

मी सांगितलं.

धाकटी सुपाकडं पाहत म्हणाली, "पोरी, सांग तिले, मले डोये हायेत. दिसते कोन आलं ते."

मी तेही सांगितलं.

"सांग, साहेब नऊले येते."

"सांग, येऊ दे. साहेब कोनाचा पाहुना असंन त्याचा असंन."

माझ्या हातातल्या कागदावर या घराला चार मिनिटं होती. सहा कधीच गेली होती. आणि माझं डोकं पुन्हा फिरलं. "अहो, दोघींना ऐकू येतं ना!" मी ओरडले. "मी काय कर्णा आहे का? ती तिथं आहे, तुम्ही इथं आहात, मध्ये दोन हातांचं अंतर नाही! बोला ना!"

धाकटी सूप उचलून आत निघून गेली. मला वाटलं, झालं, मातीत घातलं सगळं मीच. मग काकूंनी एक गोष्ट केली. त्या धाकटीच्या पायरीवर बसल्या. पदरानं मान पुसली, गुडघ्यावर हात ठेवले, आणि बसून राहिल्या.

"काकू, अजून एकोणीस घरं आहेत," मी कुजबुजले.

"असू दे. ह्या घरचं बलावनं झालं नाई अजून."

पाच मिनिटं गेली. दहा गेली. माझी पिवळी पट्टी त्या पायरीवर माझ्या डोळ्यांदेखत वितळत होती. समोरच्या घरांच्या दारादारांत बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या. कंपनीची अध्यक्ष, चार वर्षं साहेब लोकांच्या दारात ताठ मानेनं बसलेली बाई, नऊ वर्षांच्या वैरिणीच्या पायरीवर बसली आहे हे त्या सगळ्या पाहत होत्या. काकूंना ते माहीत होतं. त्या इकडं-तिकडं पाहत नव्हत्या, केविलवाणं तोंडही करत नव्हत्या. नुसत्या बसल्या होत्या, जसं काही तिथं बसायला त्या रोजच येतात. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते लपवायला मी कागद पाहू लागले.

आत भांडी वाजली. धाकटी बाहेर आली, हातात पाण्याचे दोन गिलास. दोन्ही माझ्यासमोर ठेवले. "पोरी, पी," म्हणाली. "अन् तिलेबी दे."

काकू पाणी प्यायल्या. गिलास पालथा घातला, उठल्या आणि मला म्हणाल्या, "चाल, बाकीची घरं राह्यली."

नऊ वाजता मंडपात एक्क्याऐंशी बाया होत्या. साहेब आले. साडेनऊला अठ्ठ्याऐंशी. साहेबांनी पेनचं टोपण काढलं आणि परत लावलं. मी मंडपाच्या खांबाला धरून उभी होते. आणि मग वरच्या गल्लीकडून धूळ उठताना दिसली. एकवीस बाया, रांगेनं, आणि सगळ्यांत पुढं धाकटी, मोरपंखी पातळ नेसून, कुणाकडं न पाहता. ती सरळ टेबलाशी गेली, सही केली, आणि काकूंपासून सगळ्यात लांबच्या सतरंजीवर जाऊन बसली.

एकशे नऊ. मी तीनदा मोजल्या. मग मंडपाच्या मागं जाऊन लहान पोरीसारखी हमसून रडले.

सभा उठल्यावर धाकटी एक शब्द न बोलता निघून गेली. मला फार वाईट वाटलं. "बोलली नाही हो काकू." काकू सतरंज्या झटकत होत्या. "आली नं," म्हणाल्या. "बोलंन तवा बोलंन."

दोन महिने संपले. माझ्या कागदावर काकूंची सही हवी होती. त्यांनी चष्मा लावून सगळा कागद वाचला आणि कामगिरी या शब्दापुढं 'बरी' लिहिलं. मी उखडलेच. "बरी? नुसतीच बरी?" "मंग पह्यल्या सभेचं काय?" काकू शांतपणे म्हणाल्या. "खोटं कायले लिहू?" मग माझं तोंड पाहून खाली एक ओळ जोडली: पोरगी तापट आहे, पण घर टाकत नाही.

तोंडी परीक्षेला पुण्याचे एक सर आले होते. बलावण्याचं सगळं ऐकून म्हणाले, "म्हणजे रिमाइंडर." मी म्हटलं, "नाही सर. रिमाइंडर विसरलेल्याला देतात. तिथं कुणीच विसरलं नव्हतं." सरांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि पुढचा प्रश्न विचारला. मार्क चांगले पडले.

त्याला आता वर्ष होत आलं. एमबीए पुरं करून मी यवतमाळलाच नोकरीला लागले. मशीन आली, शेड उभी राहिली, गेल्या महिन्यात गावच्या डाळ मिलचं उद्घाटन ठरलं. पंधरा दिवस आधी मोबाइलवर पत्रिका आली. मग काकूंचा फोन आला, "रविवारी बारा वाजता. ये हो पोरी." मी म्हटलं, येते. गाडीचं वेळापत्रक पाहून ठेवलं.

रविवारी पहाटे उठले, न्हाले, चांगली साडी नेसले, वेणी घातली. आणि खोलीत खुर्चीवर बसले. साडेसहाची गाडी गेली. सातची गेली. खोलीतली मैत्रीण म्हणाली, "जायचंय ना? मग बसलीस काय?" मी म्हटलं, "निघते." पण पाय उठेनात. मला माझाच राग येत होता. दोन तासांच्या वाटेवर राहणारी मी, मला कोण बलावायला येणार? नोकरी करणारी, शिकलेली बाई मी, आणि वडिलांसारखी खुर्ची धरून बसले आहे! सव्वाआठ वाजले. आता साडेनऊची गाडी चुकली तर पुढची थेट दुपारची.

दार वाजलं.

उघडलं तर समोर धाकटी. पहिल्या एसटीनं आलेली, तोंडावर पदर घट्ट गुंडाळलेला, हातात चिठोऱ्यावर माझा पत्ता.

"चाल व बाई," ती म्हणाली. "बलावाले आली."

"तुम्ही? एवढ्या लांब? काकूंनी पाठवलं?"

"ती कोन धाडनारी? ती म्हने, फोन करतो. मी म्हटलं, फोननं कोनी बलावते काय? तू अठीच थांब, मी जातो."

"तुम्ही म्हटलं?" मी विचारलं. "काकूंना?"

"मंग काय भिंतीले म्हटलं?" धाकटी म्हणाली आणि माझ्या उंबऱ्यावर बसकण मारली. "पानी आन. अन् लवकर तयार हो. तुही तयारी होईस्तोर मी अठीच बसतो."

मी दोन गिलास पाणी आणलं. तयार होऊन मी सहापासून बसले होते, हे काही मी तिला सांगितलं नाही.